आधी कोड, मग परवाना, मग पैसे: गोव्यातल्या लहान आयातदारासाठी आयातीचा योग्य क्रम

कुंडई, वेर्णे, थिवी, डिचोली, कुठलीही औद्योगिक वसाहत घ्या. परदेशातून पहिल्यांदा यंत्र मागवणाऱ्याचा क्रम बहुधा एकच असतो. विक्रेत्याशी भाव ठरतो, तीस टक्के आगाऊ रक्कम जाते, माल जहाजावर चढतो आणि कंटेनर न्हावा शेव्याला लागायच्या दोन-चार दिवस आधी क्लिअरिंग एजंटला फोन होतो. एजंट विचारतो, ‘‘कोड काय लावायचा? परवाना आहे का?’’ या प्रश्नांची उत्तरं आगाऊ रक्कम देण्याआधीच हातात असायला हवी होती. आता उत्तर चुकलं तर माल बंदरात पडून राहतो आणि भाडं रोज वाढत जातं.

हा लेख मुख्यतः लहान कारखानदार, काजू प्रक्रिया करणारे, हॉटेलच्या स्वयंपाकघरासाठी उपकरणं मागवणारे आणि पहिल्यांदाच आयात करणारे व्यापारी यांच्यासाठी आहे. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. क्रम उलटला की नुकसान होतं.

सुरुवातीला: अलीकडे काय बदललं

जुन्या फाइलवरून नवीन आयात करणाऱ्यांनी चार बदल लक्षात घ्यायला हवेत.

सीमाशुल्काच्या सवलतीच्या दरांसाठी वर्षानुवर्षं ज्या ५०/२०१७ क्रमांकाच्या अधिसूचनेचा आधार घेतला जायचा, ती आता चालत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून ४५/२०२५ ही एकत्रित अधिसूचना लागू झाली आणि तिच्यात एकतीस जुन्या अधिसूचना सामावल्या गेल्या. अनुक्रमांकही बदलले. मागच्या बिल ऑफ एन्ट्रीवरचा (सीमाशुल्क खात्याकडे भरायचं आयातीचं विवरण) अनुक्रमांक तसाच नवीन बिलावर उतरवला, तर सवलत नाकारली जाऊ शकते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास संपले. आयातीवरचा आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) त्याच दरांनी लागतो, म्हणून तुमचं जुनं गणित दोन्ही बाजूंनी चुकू शकतं.

२०२५ च्या अर्थसंकल्पात औद्योगिक मालावरचे सात दर काढून टाकले गेले आणि एका वस्तूवर एकापेक्षा जास्त उपकर किंवा अधिभार नको, असं तत्त्व स्वीकारलं गेलं. बऱ्याच वस्तूंच्या बाबतीत मूळ सीमाशुल्क खाली आलं, पण कृषी पायाभूत सुविधा उपकर वर गेला. ‘ड्यूटी कमी झाली’ एवढी बातमी वाचून खर्च धरू नका. बेरीज करून बघा.

चौथा बदल तुमच्या फायद्याचा आहे. माल सुटल्यानंतर बिलातली चूक लक्षात आली, तर स्वतःहून दुरुस्ती करण्याची सोय कलम १८अ खाली मिळाली आहे. तिच्याबद्दल शेवटच्या पायरीत.

पायरी १: पाया पक्का करा

हे काम थोडक्यात आटोपतं, म्हणूनच राहून जातं.

आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालय) संकेतस्थळावर ५०० रुपये भरून मिळतो आणि तो पॅनवर आधारित असतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात आयईसीची माहिती ऑनलाइन पक्की करावी लागते, काहीही बदललेलं नसलं तरी. ती केली नाही तर कोड निष्क्रिय होतो. मागच्या वर्षी चालू होता म्हणून आजही चालू असेल, असं गृहीत धरू नका.

आइसगेटवर (सीमाशुल्काचं ऑनलाइन पोर्टल) नोंदणी, बँकेचा एडी कोड (परकीय चलन व्यवहारांसाठीचा शाखेचा क्रमांक) आणि जीएसटीआयएन यांवर नाव आणि पत्ता अक्षरशः सारखा असू द्या. ‘इंडस्ट्रीज’ आणि ‘इंडस्ट्रियल’ एवढ्या फरकानेही कागद परत येतात.

तपासा: डीजीएफटीच्या संकेतस्थळावर आयईसीची आजची स्थिती ‘व्हॅलिड’ दिसते का? पुढच्या पायरीला जाण्याआधी त्या पानाची प्रत काढून ठेवा.

पायरी २: मालाचा आठ अंकी कोड

सगळी इमारत या एका आकड्यावर उभी आहे. शुल्काचा दर, परवाना लागतो की नाही, कुठल्या खात्याची मंजुरी हवी, मुक्त व्यापार करारातली सवलत मिळेल का, हे सगळं आठ अंकी कोडवरून ठरतं. तरीही सगळ्यात कमी वेळ याच कामाला दिला जातो, कारण विक्रेत्याच्या प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर एक कोड आधीच छापलेला असतो आणि तो बरोबर वाटतो.

त्या कोडचे पहिले सहाच अंक जगभर सारखे असतात. शेवटचे दोन भारताचे आपले आहेत. चीन किंवा इटलीच्या विक्रेत्याने त्याच्या देशाचे शेवटचे अंक लिहिलेले असतात. शिवाय त्याने कोड त्याच्या निर्यातीच्या सोयीने लावलेला असतो, तुमच्या आयातीच्या नियमांचा विचार करून नव्हे.

कोड ठरवताना या क्रमाने जा:

१. वस्तू काय आहे, कशाची बनली आहे, काय काम करते आणि कशावर चालते, हे चार-पाच वाक्यांत लिहून काढा. ‘फूड मशीन’ पुरेसं नाही. ‘काजूगर सोलण्याचं, हवेच्या दाबावर चालणारं, तासाला अमुक किलो क्षमतेचं, विजेच्या मोटरसह यंत्र’ असं हवं.

२. सीमाशुल्क दरांच्या अनुसूचीत आधी प्रकरण, मग चार अंकी शीर्षक, मग उपशीर्षक असं खाली उतरा. प्रकरण आणि विभाग यांच्या सुरुवातीच्या टिपा वाचल्याशिवाय कोड लावू नका. बरेच सुटे भाग या टिपांमुळे वेगळ्याच प्रकरणात जातात.

३. यंत्र आणि त्याचे सुटे भाग एकाच खेपेत येत असतील तर प्रत्येक ओळीला स्वतंत्र कोड लावा. सगळं यंत्राच्या कोडखाली घुसवू नका.

४. शंका राहिली तर ती लेखी सोडवा. सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरण मुंबई आणि दिल्लीत आहे. तिथे अर्ज करून कोड आधीच ठरवून घेता येतो आणि निर्णय तीन महिन्यांच्या आत अपेक्षित असतो. एकदाच येणाऱ्या लहान यंत्रासाठी हे जड वाटेल. पण तोच कच्चा माल वर्षानुवर्षं आणणार असाल, तर ही मेहनत वसूल होते.

वर्णन नेमकं हवं, याला आणखी एक कारण आहे. ऑक्टोबर २०२० अखेरीपासून देशभर फेसलेस मूल्यांकन आहे. तुमचा माल मुरगावला उतरला तरी बिल तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असतो. तो यंत्र बघत नाही, तुमचे कागद बघतो. कॅटलॉग, तांत्रिक पत्रक आणि छायाचित्रं सोबत जोडली नाहीत तर त्याच्याकडून प्रश्न येतो, तुम्ही उत्तर देता, पुन्हा प्रश्न येतो आणि प्रत्येक फेरीत दिवस जातात.

सावधान: दर कमी लागावा म्हणून कोड ओढूनताणून लावू नका. अशी चूक पहिल्या खेपेत निसटली तरी नंतरच्या लेखापरीक्षणात पकडली जाते. मग मागच्या सगळ्या खेपांचा फरक व्याजासह भरावा लागतो.

पायरी ३: परवाना लागतो का?

कोड ठरला की डीजीएफटीच्या आयात धोरणाच्या अनुसूचीत तो उघडा. समोर ‘मुक्त’, ‘निर्बंधित’, ‘मनाई’ किंवा ‘फक्त सरकारी व्यापारी संस्थेमार्फत’ असं काही दिसेल. निर्बंधित असेल तर डीजीएफटीचं प्राधिकारपत्र लागतं आणि ते माल निघण्याआधी हातात असलं पाहिजे.

बहुतेक चुका मात्र ‘मुक्त’ या शब्दावर होतात. लोक तो वाचतात आणि पान बंद करतात. शेजारच्या रकान्यात धोरणाची अट लिहिलेली असते आणि प्रकरणाच्या शेवटीही अटी असतात. तिथे किमान किंमत, आगाऊ नोंदणी किंवा दुसऱ्या खात्याची मंजुरी सांगितलेली असू शकते. काजूचंच बघा. जून २०१९ मध्ये डीजीएफटीने अख्ख्या काजूगरासाठी किलोला ७२० रुपये आणि तुकड्यासाठी ६८० रुपये अशी किमान आयात किंमत ठरवली आणि त्याखालच्या किमतीच्या आयातीला मनाई केली. कच्च्या, सालासकट काजूला ही अट नाही. सत्तरी तालुक्यातल्या कारखानदाराने आफ्रिकेतून कच्चा काजू मागवणं आणि व्यापाऱ्याने व्हिएतनामचा तयार गर मागवणं, ही दोन वेगळ्या नियमांखालची कामं आहेत.

डीजीएफटीनंतर बाकीच्या खात्यांकडे वळा. गोव्यातल्या आयातदाराला सर्रास लागणाऱ्या मंजुऱ्या अशा:

• शेतमाल, बियाणं, लाकूड, कच्चा काजू: वनस्पती संगरोधाचे नियम, म्हणजे २००३ चा आदेश. त्याच्या अनुसूची ६ मधल्या मालाला आयात परवाना लागतो. अनुसूची ७ मधल्या मालाला निघत्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. तुमचा माल कुठल्या अनुसूचीत आहे आणि त्या देशाचं नाव तिथे आहे का, दोन्ही बघा.

• खाद्यपदार्थ: एफएसएसएआयचा केंद्रीय आयात परवाना. माल सुटताना टिकण्याच्या एकूण मुदतीतली ६० टक्के किंवा तीन महिने, यांतली जी कमी असेल ती मुदत शिल्लक असावी लागते. जहाजाचा प्रवास या मुदतीतूनच वजा होतो, हे ऑर्डर देताना धरा.

• वायफाय, ब्लूटूथ किंवा रेडिओ लहरी वापरणारं उपकरण: दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मंजुरी. हॉटेलची ‘स्मार्ट’ कॉफी मशीन किंवा दारांची बिनतारी कुलुपं यात येतात, हे लक्षात न आल्याने अडकलेला माल कमी नाही.

• गुणवत्ता नियंत्रण आदेशाखालचा माल: बीआयएसचं प्रमाणपत्र. ते सहसा परदेशी उत्पादकाला घ्यावं लागतं, तुम्हाला घेता येत नाही. हे आदेश निघतात, पुढे ढकलले जातात, मागेही घेतले जातात. नोव्हेंबर २०२५ मध्ये पॉलिमर आणि धाग्यांचे बरेच आदेश रद्द झाले. म्हणून स्थिती ऑर्डरच्या आठवड्यात बघा.

• मद्य: सीमाशुल्काबरोबरच गोवा अबकारी खात्याची आयात परवानगी. सीमाशुल्क भरलं म्हणजे बाटल्या गोदामात नेता येतात, असं नाही.

• जुनं यंत्र: बहुतेक जुनी भांडवली यंत्रं मुक्त आहेत, पण जुने संगणक, लॅपटॉप आणि झेरॉक्स यंत्रं निर्बंधित आहेत. जुन्या यंत्रासाठी चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र माल निघतानाच घ्या. यंत्र आल्यावर त्याचं वय आणि मूळ किंमत सिद्ध करणं कठीण जातं.

सीबीआयसीचं (केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळ) ‘कॉम्प्लायन्स इन्फर्मेशन पोर्टल’ कोड टाकला की लागणाऱ्या मंजुऱ्या दाखवतं. सुरुवात तिथून करायला हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबू नका. शेवटचा शब्द मूळ अधिसूचनेचाच.

तपासा: बंदर. काही माल ठरावीक बंदरांतूनच आणता येतो, कारण तिथे संगरोध किंवा अन्न तपासणीची सोय लागते. मुरगाव, मंगळूर की न्हावा शेवा, हे भाड्यावरून ठरवण्याआधी तुमच्या मालाला ते प्रवेशद्वार मान्य आहे का ते बघा. गोव्याजवळचं बंदर दरवेळी स्वस्त पडतंच, असंही नाही.

पायरी ४: दर कुठल्या तारखेचा, निर्बंध कुठल्या तारखेचा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून सावकाश वाचा. शुल्काचा दर एका तारखेने ठरतो आणि आयातीवरचा निर्बंध दुसऱ्याच तारखेने.

शुल्काचा दर: सीमाशुल्क कायदा १९६२, कलम १५. घरगुती वापरासाठी थेट सोडवल्या जाणाऱ्या मालाला बिल ऑफ एन्ट्री सादर केल्याच्या तारखेचा दर लागतो. ऑर्डर कधी दिली, पैसे कधी पाठवले, माल कधी चढला, याला अर्थ नाही. बिल आगाऊ सादर केलं असेल, तर जहाजाला आत येण्याची परवानगी मिळाल्याची किंवा विमान उतरल्याची तारीख धरतात. त्यामुळे ३० जानेवारीला आगाऊ बिल टाकून अर्थसंकल्पाआधीचा दर ‘पकडता’ येत नाही, जहाज ३ फेब्रुवारीला येणार असेल तर. अर्थसंकल्पातले बरेच सीमाशुल्क बदल २ फेब्रुवारीपासूनच लागू होतात. त्या आठवड्यात माल येणार असेल तर खर्चाचे दोन हिशेब तयार ठेवा.

आयातीवरचा निर्बंध: परकीय व्यापार धोरण २०२३, परिच्छेद १.०५. मुक्त असलेला माल अचानक निर्बंधित झाला, तर निर्बंधाच्या तारखेआधीचं बिल ऑफ लेडिंग (माल चढल्याची जहाज कंपनीची पावती) असलेला माल सहसा येऊ दिला जातो. माल अजून चढला नसेल, पण निर्बंधाआधी अपरिवर्तनीय एलसी (बँकेचं हमीचं पतपत्र) उघडलेली असेल, तर ती पंधरा दिवसांत डीजीएफटीच्या प्रादेशिक कार्यालयाकडे नोंदवून संरक्षण मागता येतं. नुसती आगाऊ रक्कम टीटीने (थेट बँकेतून) पाठवलेल्याला हे एलसीचं संरक्षण नाही. मोठी रक्कम आणि संवेदनशील माल असेल तर एलसीचा खर्च करा, असं माझं ठाम मत आहे.

सावधान: बऱ्याच अधिसूचनांत ‘परिच्छेद १.०५ चा लाभ मिळणार नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ती ओळ शोधल्याशिवाय निर्धास्त होऊ नका.

दर शोधताना आधी अनुसूचीतला मूळ दर बघा, मग ४५/२०२५ मधला सवलतीचा दर, मग उपकर, अधिभार आणि आयजीएसटी. मद्यासारख्या मालात बातमी आणि हिशेब यांतलं अंतर दिसतं. १३ फेब्रुवारी २०२५ ला बर्बन व्हिस्कीचं एकूण शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आलं. त्यात ५० टक्के मूळ शुल्क आणि ५० टक्के कृषी उपकर. पण ते बर्बनपुरतं होतं, बाकीच्या व्हिस्कीला ते लागू झालं नाही.

तपासा: सवलतीच्या नोंदीसमोर अंतिम तारीख आणि अट क्रमांक आहे का? सशर्त सवलतींना मुदत असते, ती बहुधा ३१ मार्चला संपते. माल एप्रिलमध्ये येणार असेल तर मार्चचा दर धरू नका.

पायरी ५: मूल्य आणि शुल्काचा हिशेब

शुल्क इन्व्हॉइसच्या रकमेवर लागत नाही. ते माल, भाडं आणि विमा मिळून होणाऱ्या मूल्यावर लागतं. भाड्याचा पुरावा नसेल तर एफओबी किमतीच्या (माल जहाजावर चढवेपर्यंतची किंमत) २० टक्के भाडं धरलं जातं आणि विम्याचा पुरावा नसेल तर १.१२५ टक्के विमा.

समजा यंत्र १०,००० डॉलर एफओबी आहे आणि खरं समुद्रभाडं ९०० डॉलर. भाड्याचं बिल जोडलं नाही, तर ९०० ऐवजी २,००० डॉलर धरले जातील आणि त्या जास्तीच्या ११०० डॉलरवर तुम्ही शुल्क आणि कर भराल. एक कागद विसरल्याची ही किंमत. विमानाने आणलेल्या मालाचं भाडं मात्र कितीही आलं तरी एफओबीच्या २० टक्क्यांपर्यंतच मूल्यात धरतात. विक्रेत्याच्या दारात उचलायचा भाव असेल, तर तिथून बंदरापर्यंतचा खर्चही मूल्यात येतो.

डॉलरचा दर बँकेचा चालत नाही. सीमाशुल्कासाठीचे विनिमय दर आइसगेटवर महिन्यातून दोनदा, पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी जाहीर होतात आणि दुसऱ्या दिवसापासून लागतात.

आता हिशेब. मूल्य १०,००,००० रुपये, मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के, समाजकल्याण अधिभार मूळ शुल्काच्या दहा टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरू:

मूळ सीमाशुल्क: ७५,०००
अधिभार: ७,५००
आयजीएसटीसाठीची बेरीज: १०,८२,५००
आयजीएसटी: १,९४,८५०
एकूण भरायचे: २,७७,३५०

यातला आयजीएसटी नियमित जीएसटी नोंदणी असलेल्याला वजावट (इनपुट क्रेडिट) म्हणून मिळतो. कंपोझिशन योजनेतल्या लहान उद्योगाला तो मिळत नाही, त्याच्यासाठी तो निव्वळ खर्च आहे. सीमाशुल्क आणि अधिभाराची वजावट कोणालाच नाही.

सावधान: ‘अर्ध्या किमतीचं इन्व्हॉइस करून देतो’ असं विक्रेता स्वतःहून म्हणतो. नको म्हणा. त्याच मालाच्या देशभरातल्या आयात किमती अधिकाऱ्यांसमोर असतात. माल जप्त होऊ शकतो, दंड लागतो आणि बँकेतून गेलेली रक्कम बिलाशी जुळत नाही म्हणून बँकही विचारते. ‘फ्री सॅम्पल’लाही शून्य मूल्य लिहून चालत नाही.

निर्यात करणारा किंवा परकीय चलन मिळवणारा उद्योग असेल, अगदी हॉटेलही, तर ईपीसीजी योजना (निर्यातीसाठी भांडवली यंत्रं आणण्याची) बघा. भांडवली यंत्र शुल्काशिवाय येतं, पण वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवावी लागते. ती होणार याची खात्री नसेल तर या वाटेला जाऊ नका. मागाहून व्याजासह शुल्क भरणं जास्त महाग पडतं.

पायरी ६: करारातली सवलत घ्यायची तर

संयुक्त अरब अमिरातींबरोबरचा करार १ मे २०२२ पासून, ऑस्ट्रेलियाबरोबरचा २९ डिसेंबर २०२२ पासून आणि स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन यांच्या ईएफटीए गटाबरोबरचा १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे. आसियान देशांबरोबरचा त्याआधीपासून आहे. गरीब देशांसाठी भारताने एकतर्फी दिलेली सवलतही आहे. कच्च्या काजूचं मूळ शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात ५ वरून २.५ टक्के झालं. आफ्रिकेतल्या कुठल्या देशातून काजू घेता यावरून ते आणखी कमी होऊ शकतं. आयव्हरी कोस्ट त्या यादीत नाही, बेनिन आहे. भाव ठरवताना हा फरक हिशेबात घ्या.

पण उत्पत्तीचं प्रमाणपत्र मिळालं की काम संपलं, हा समज २०२० पासून चालत नाही. कारोटार नियमांनुसार (करारातल्या सवलतीसाठी उत्पत्ती तपासण्याचे सीमाशुल्क नियम) माल त्या देशात खरंच तयार झाला का, मूल्यवृद्धी किती, कच्चा माल कुठला, ही माहिती आयातदाराकडेच असावी लागते आणि ती पाच वर्षं जपावी लागते. विक्रेत्याकडून ती आधी मिळवा. माल निघाल्यावर तो उत्तर देत नाही. दुबईच्या व्यापाऱ्याकडून चिनी यंत्र घेतलं तर ते अमिरातीचं होत नाही.

पायरी ७: आता ऑर्डर, आणि तिच्यातल्या अटी

इथवरची पाच उत्तरं कागदावर आली, म्हणजे कोड, परवाना, दर, मूल्य आणि सवलत, की मगच पैसे. ऑर्डरमध्ये हे लिहून घ्या:

• इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टवर तुम्ही दिलेलं वर्णन, मॉडेल आणि अनुक्रमांक जसेच्या तसे.
• भाडं आणि विमा वेगळे दाखवलेले.
• लाकडी खोक्यांवर आयएसपीएम-१५ चा शिक्का, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याची खूण. यंत्र निर्दोष असतं आणि बिनशिक्क्याच्या लाकडामुळे कंटेनर अडतो, हे वारंवार घडतं.
• किरकोळ विक्रीचा माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि मूळ देश असलेलं लेबल.
• सगळ्या कागदांचे मसुदे माल चढण्याआधी तुम्हाला दाखवायचे.
• जहाज कंपनीकडून कंटेनरचे मोफत दिवस जास्त मागून घ्यायचे. चौदा मागा, मिळतील तेवढे घ्या.

शेवटून दुसरी अट सोडू नका. बिल ऑफ लेडिंग निघण्याआधी चूक दुरुस्त करणं एका ईमेलचं काम असतं, नंतर त्याला दंड आणि दिवस दोन्ही लागतात.

पायरी ८: बिल ऑफ एन्ट्री

समुद्रमार्गे येणाऱ्या मालाचं बिल जहाज यायच्या आदल्या दिवसाच्या अखेरीपर्यंत सादर करावं लागतं. सुट्टीचा दिवसही मोजतात. विमानाच्या मालाला, आणि श्रीलंका, बांगलादेश, म्यानमार यांसारख्या जवळच्या देशांतून समुद्रमार्गे येणाऱ्या मालाला, येण्याच्या दिवसाच्या अखेरीपर्यंत मुभा आहे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये. अपेक्षित तारखेच्या तीस दिवस आधीपासून बिल टाकता येतं, म्हणून उशिराला सबब नाही.

बिल एजंट भरतो, पण जबाबदारी तुमची. सादर करण्याआधी त्याच्याकडून चेकलिस्ट मागा आणि स्वतः वाचा. जीएसटीआयएन, कोड, अधिसूचना आणि अनुक्रमांक, भाडं, विमा, मूळ देश, परवान्याचा क्रमांक. जीएसटीआयएनचा एक अंक चुकला तर लाखोंचा आयजीएसटी तुमच्या २बी विवरणात (जीएसटीची मिळणारी वजावट दाखवणारं) दिसतच नाही. ‘साहेब, सही पाठवा, घाई आहे’ असा संदेश आला तरी ही दहा मिनिटं द्या.

पायरी ९: भरणा आणि सुटका

शुल्क आइसगेटवरच्या इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमधून जातं, म्हणून पैसे आधीच तिथे भरून ठेवा. मूल्यांकन होऊन बिल परत आल्यावर भरण्याला दुसऱ्या दिवसापर्यंतच वेळ असतो, मग वर्षाला १५ टक्के दराने व्याज लागतं. 

प्रत्यक्ष तपासणी लागली तर घाबरायचं कारण नाही. कॅटलॉग आणि यंत्राची पाटी यांवर मॉडेल क्रमांक एकच असला की ती लवकर उरकते.

एखादी मंजुरी येणं बाकी असेल, तर कंटेनर टर्मिनलवर पडू देऊ नका. कलम ४९ खाली माल तीस दिवसांपर्यंत सार्वजनिक गोदामात ठेवायची परवानगी मागता येते. वखारीचं भाडं डेमरेजपेक्षा (माल टर्मिनलवर पडून राहिल्याचा आकार) पुष्कळ कमी पडतं. या सोयीसाठी अर्ज पहिल्याच दिवशी करा. उतरल्यापासून तीस दिवसांत माल सुटला नाही, तर तो विकण्याची कारवाई सुरू होऊ शकते.

पायरी १०: माल कारखान्यात आल्यावर

बिल ऑफ एन्ट्रीची अंतिम प्रत बँकेला कळवा आणि पाठवलेल्या रकमेची नोंद आयडीपीएमएसमध्ये (आयातीच्या पैशांवर नजर ठेवणारी रिझर्व्ह बँकेची प्रणाली) बंद झाली का ते विचारा. ही नोंद उघडी राहिली की पुढच्या खेपेची रक्कम बँक अडवते. २बी मध्ये आयजीएसटी आला का ते पुढच्या महिन्यात बघा.

मग अंतिम बिल आणि तुमचा पायरी ५ मधला हिशेब शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवा. फरक निघाला, म्हणजे सवलत घ्यायची राहिली, भाडं दोनदा धरलं गेलं किंवा कोड चुकला, तर कलम १८अ खाली स्वतःहून दुरुस्ती मागता येते. शुल्क कमी भरलं गेलं असेल तर फरक व्याजासह भरा, जास्त गेलं असेल तर त्याच अर्जात परतावा मागा. लेखापरीक्षण किंवा चौकशी सुरू झाल्याचं पत्र आलं की त्या मालापुरतं हे दार बंद होतं. म्हणून ही जुळवणी माल सुटल्याच्या आठवड्यातच करा आणि ऑर्डर, कॅटलॉग, भाड्याचं बिल, विमा, उत्पत्तीचा पुरावा, परवाना आणि बँकेची कागदपत्रं त्याच खेपेच्या एका फाइलमध्ये पाच वर्षं ठेवा.